प्रवाशाची पत आणि बँकेचा संशय

मराठी भाषेत 'पत' हा दोन अक्षरांचा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बाजारात ज्यास उधार माल मिळतो त्याची पत आहे असे आपण म्हणतो, आणि चार माणसांत ज्याच्या शब्दास वजन आहे त्याचीही पत आहे असेच म्हणतो. पैशाचा विश्वास आणि अब्रू या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांस फारशा निराळ्या वाटल्या नाहीत, म्हणून त्यांनी दोहोंस एकच नाव दिले. इंग्रजी भाषेतील 'क्रेडिट' हा शब्दही ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ विश्वास ठेवणे असाच आहे. तेव्हा आज सुशिक्षित कुटुंबांतून ज्यास क्रेडिट कार्ड म्हणतात ते शब्दशः विश्वासाचे पत्र होय. असे पत्र खिशात बाळगणाऱ्या गृहस्थाने परमुलखात ते दुकानदारापुढे करावे आणि त्यास नकार मिळावा, यात अडचण किती व अपमान किती, हे ज्याच्यावर प्रसंग आला असेल त्यासच सांगता येईल.

हा प्रसंग कसा येतो ते पाहू. समजा, धरमपेठेत राहणारे एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात गेले आहेत. वर्षानुवर्षे त्यांचे कार्ड सीताबर्डीवरील कापडाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, फार तर मुंबई-पुण्याच्या आगगाडीच्या तिकिटासाठी चालले. आता ते एकाएकी पाच हजार मैलांवरील एका शहरात, रात्री आठ वाजता, लोकरीच्या कपड्यांच्या दुकानात पुढे येते. कार्ड नाकारले जाते. दुकानदार सभ्यपणे दुसरे कार्ड आहे काय म्हणून विचारतो. मागे रांगेत उभे असलेले लोक घड्याळाकडे पाहतात. इकडे बँकेने खातरजमा करण्यासाठी जो संदेश धाडला तो हिंदुस्थानातील ज्या दूरध्वनी-क्रमांकावर गेला, तो क्रमांक परदेशात चालू करून घेण्याचे राहूनच गेले आहे. ज्यांनी आयुष्यात कोणाची एक दिडकी बुडविली नाही अशा त्या गृहस्थांस परक्या देशात, परक्या माणसांपुढे, काही क्षण का होईना, संशयित म्हणून उभे राहावे लागते.

प्रामाणिक मनुष्यावर असा संशय घेण्याचा नैतिक अधिकार बँकेस आहे काय, आणि असल्यास त्या अधिकाराबरोबर कोणती कर्तव्ये तिच्यावर येतात, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. तो वरवर पाहता व्यवहाराचा आहे. परंतु मनुष्याची ओळख कशावरून पटावी व त्याचे चारित्र्य कशावरून ठरवावे, हे जुने प्रश्न त्याच्या पोटात दडले आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की परगावी गेलेल्या मनुष्याच्या पतीचा प्रश्न काही आजचा नव्हे. घरी मनुष्यास शेजारी ओळखतो, वाणी ओळखतो, देवळाचा पुजारी ओळखतो. गावाची वेस ओलांडली की ही सारी ओळख मागे राहते. भोसलेशाहीत आमच्या नागपुरास गोसावी सावकारांच्या मोठमोठ्या पेढ्या होत्या, आणि इतवारीतील सराफा अद्याप त्या धंद्याचे नाव चालवीत आहे. त्या काळी दूरच्या यात्रेस निघालेला शहाणा मनुष्य सारी रोकड कमरेस बांधून नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी नेणे पसंत करी. रोकड जवळ बाळगण्यातला धोका केवढा होता हे ज्यांनी वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' वाचला आहे त्यांस सांगावयास नको. १८५७ च्या धामधुमीत त्या बिचाऱ्या भिक्षुकाने कष्टाने मिळविलेले द्रव्य लुटारूंच्या हाती गेले.

परंतु हुंडी नेली तरी एक पेच उरेच. हुंडी दाखविणारा मनुष्य तोच कशावरून? तिचे पैसे देणाऱ्या सराफाने त्यास जन्मात पाहिलेले नसे. आमच्या व्यापाऱ्यांनी या पेचाचा विचार फार बारकाईने केला होता. 'नामजोग' हुंडी जिचे नाव लिहिले असेल त्यासच द्यावयाची. 'शाहजोग' हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत मान्य आहे अशा 'शाहा'सच द्यावयाचे. म्हणजे परका मनुष्य हुंडी घेऊन आला तर त्याने बाजारातील एखाद्या ओळखीच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यास मध्ये घालावे, व त्याच्या पतीच्या आधारे आपले पैसे घ्यावे. हुंडी वाटेत हरवली तर तिची 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही हरवली तर 'परपेठ' म्हणजे तिसरी प्रत निघत असे. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एकच प्रश्न होता: "तुम्हांस येथे कोण ओळखतो?" हा प्रश्न विचारणारा सराफ उद्धट समजला जात नसे. उलट असे काही न विचारता पैसे मोजणाऱ्या सराफास बाजारात कोणी शहाणा म्हटले नसते.

पुढे अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १८९१ साली प्रवासी चेक काढले तेव्हा या प्रश्नास निराळे उत्तर मिळाले. प्रवाशाने चेक विकत घेताना एकदा सही करावयाची, आणि परदेशात तो वटविताना दुकानदारादेखत पुन्हा करावयाची. दोन्ही सह्या जुळल्या म्हणजे मनुष्य तोच ठरला. येथे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या साक्षीऐवजी प्रवाशाच्या स्वतःच्या हाताची साक्ष आली. आजच्या काळात तीही मागे पडली आहे. आज तुमची साक्ष देते ती तुमची सवय. तुम्ही काल, परवा, गेल्या वर्षी काय केले याची जी नोंद बँकेपाशी साठली आहे तीच तुमच्या वतीने बोलते. आणि तुमचे आजचे कृत्य त्या नोंदीशी जुळले नाही तर तीच तुमच्याविरुद्ध बोलते.

हे काम कसे चालते याची थोडी माहिती सांगणे इष्ट होईल. कार्ड दुकानातील यंत्रास लागले की दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे एक विचारणा जाते, आणि तिचे होकारार्थी वा नकारार्थी उत्तर काही क्षणांत परत यावे लागते. एवढ्या अवधीत कोणताही कारकून वही उघडून पाहू शकत नाही. म्हणून हा विचार संगणकावर सोपविलेला असतो. रक्कम किती, दुकान कोणत्या जातीचे, गाव कोणते, वेळ कोणती, या आधीचा व्यवहार किती वेळापूर्वी व कोठे झाला, या गोष्टी तो खातेदाराच्या पूर्वीच्या वर्तनाशी ताडून पाहतो आणि संशयाचे गुण देतो. गुण ठरावीक मर्यादेबाहेर गेले की व्यवहार अडतो. सकाळी दहा वाजता सीताबर्डीवर चाललेले कार्ड दुपारी बारा वाजता इस्तंबूलच्या बाजारात चालू लागले तर त्यात काही काळेबेरे आहे हे मुलासही कळेल. परंतु यंत्र त्याहून पुष्कळ सूक्ष्म फरक टिपू पाहते. अमेरिकेतील एच.एन.सी. नावाच्या कंपनीने १९९२ साली 'फाल्कन' नावाची अशी यंत्रणा बाजारात आणली. झालेल्या फसवणुकींच्या उदाहरणांवरून आपली आपण शिकणारी ती गणितपद्धती होती. त्यानंतर या विद्येचा प्रसार जगभर झाला आहे.

आता हा संशय निष्कारण आहे काय? तसे म्हणण्यास आमची तयारी नाही, आणि त्यास कारण खुद्द महाराष्ट्रातच घडलेले आहे. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या खातेदारांच्या डेबिट कार्डांच्या बनावट प्रतींनी २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. हिंदुस्थानातही सुमारे अडीच कोटी काढले गेले. आणि १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांस दोषी ठरविले. पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत हिंडत आहेत, यावर कोणाही जागत्या पहारेकऱ्याने क्षणभर तरी भुवया उंचावल्या असत्या. परंतु चोरांनी प्रथम तो पहाराच बाजूस सारला होता. बँकेकडे येणाऱ्या विचारणा खऱ्या व्यवस्थेपर्यंत पोचू न देता मध्येच आपली एक खोटी यंत्रणा बसवून ते प्रत्येक विचारणेस 'होय' असे उत्तर देत होते. संशय घेण्याची शक्ती ज्या क्षणी नष्ट झाली त्या क्षणी तिजोरीचे दार उघडे पडले. हानीचा भार कोणा एका खातेदारावर न पडता बँकेवर पडला हे खरे. परंतु सहकारी बँक म्हणजे तरी कोण? तिचे सभासदच ना?

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की दुसऱ्याच्या द्रव्याचा जो विश्वस्त आहे त्यास संशय घेण्याचा केवळ अधिकार आहे असे नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे. मनुष्य स्वतःच्या पैशाविषयी भोळा राहिला तर त्यास आपण उदार म्हणू; दुसऱ्याच्या ठेवीविषयी भोळा राहिला तर त्यास आपण बेजबाबदार म्हणतो, आणि ते योग्यच आहे. नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशा शेठवर लिहिलेली हुंडी परमेश्वराने स्वतः येऊन वटविली ही कथा कीर्तनातून ऐकताना आपले डोळे पाणावतात. परंतु त्या कथेतील शेठ अंतर्यामी होता. त्यास ओळख पटवून घेण्याची गरज नव्हती. ज्यास मनुष्याच्या अंतःकरणात शिरून पाहता येत नाही त्यास बाहेरच्या खुणांवरच भिस्त ठेवावी लागते.

मग आमच्या शिक्षकमहाशयांचा जो अपमान झाला त्याचे काय? येथे आपल्या नैयायिकांनी करून ठेवलेला एक भेद उपयोगी पडेल. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत 'संशय' हा एक आहे व 'निर्णय' हा दुसरा आहे. संशय ही विचाराची सुरुवात, निर्णय हा त्याचा शेवट. अंधारात उभी असलेली आकृती खांब आहे की मनुष्य आहे असा प्रश्न ज्यास पडला त्याने अद्याप कोणाविरुद्ध काहीच म्हटलेले नाही; तो अधिक जवळ जाऊन पाहील एवढेच. असा संशय हा ज्ञानाचा शत्रू नसून त्याचा दरवाजा आहे. गीतेने ज्या संशयी मनुष्याचा नाश सांगितला तो प्रश्न विचारणारा नव्हे. उत्तर मिळाल्यावरही प्रश्नातच गुंतून राहणारा तो होय, असे आम्हांस वाटते. तेव्हा बँकेने 'हा व्यवहार तुमचाच काय?' असे विचारणे यात अपमान नाही. अपमान तेव्हा होतो की जेव्हा प्रश्न विचारला जातो परंतु उत्तर देण्याची वाट ठेवलेली नसते. कारण तेव्हा संशयाने निर्णयाची जागा घेतलेली असते. इंग्लंडात उभ्या असलेल्या मनुष्यास नागपुरातील दूरध्वनीवर प्रश्न धाडणे म्हणजे घरात नसलेल्या प्रतिवादीच्या दारावर समन्स चिकटवून एकतर्फी निकाल देण्यासारखेच आहे.

या ठिकाणी थोडे अंकगणित करणे उद्बोधक होईल. समजा, दहा हजार व्यवहारांत एक लबाडीचा आहे. आणि समजा, यंत्र इतके निष्णात आहे की ते लबाडीचा व्यवहार हटकून पकडते व सचोटीच्या व्यवहारांपैकी शंभरांत एकाच्याच बाबतीत चुकते. अशा यंत्रास कोणीही उत्तमच म्हणेल. परंतु परिणाम काय होईल? तो एक चोर सापडेल, आणि त्याच्याबरोबर सुमारे शंभर सज्जन अडविले जातील. म्हणजे यंत्राने ज्यांच्याकडे बोट दाखविले अशा प्रत्येक एकशेएक जणांत शंभर निरपराध! हे आकडे आम्ही कल्पिलेले आहेत व प्रत्यक्षात ते कमीअधिक असतील. परंतु चोर थोडे व सज्जन फार ही वस्तुस्थिती जोवर आहे तोवर हिशेबाचा कल असाच राहणार. यावरून आम्ही असे म्हणतो की अडविलेल्या मनुष्याशी बोलण्याचा बँकेचा स्वर तो बहुधा निरपराधच आहे असे धरून चालणाऱ्या माणसाचा असावा. हे सौजन्य म्हणून नव्हे, गणित म्हणून सांगत आहोत.

येथवर आम्ही बँकेची बाजू बरीच मान्य केली. परंतु या नव्या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी आमचे मन स्वस्थ होत नाही. स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने अठराव्या शतकात असे दाखविले की भूतकाळ जसा होता तसाच भविष्यकाळ असेल, या आपल्या विश्वासास बुद्धीचा आधार नाही. तो केवळ सवयीचा परिणाम आहे. ह्यूमचा हा सिद्धांत ऐकून पंडितांची झोप उडाली म्हणतात. आज बँकेचे यंत्र मात्र त्याच सवयीवर निःशंकपणे आपली इमारत उभारीत आहे. काल जसे केले तसेच आज करील तो खरा खातेदार. निराळे करील तो संशयित. व्यवहारापुरते हे अनुमान चालवून घेता येईल. परंतु ते आपल्या मनात मुरले तर नियमितपणा म्हणजेच सचोटी असा एक घातक समज त्यातून उत्पन्न होईल.

वस्तुतः या दोन गोष्टींचा संबंध फार थोडा आहे. कंजूष मनुष्य अत्यंत नियमित असतो. धोरणी चोरही नियमित असू शकतो. तुमच्या सवयी शिकून घेऊन तो थोडथोड्या रकमांनी तुम्हांस लुबाडील व यंत्रास त्याचा पत्ता लागणार नाही. उलटपक्षी सज्जनाच्या आयुष्यातील उत्तम कृत्ये पुष्कळदा त्याच्या नेहमीच्या वळणाबाहेरची असतात. परगावी अपघातात सापडलेल्या अनोळखी मनुष्यास रुग्णालयात नेऊन त्याची अनामत भरणारा, भावाच्या आजाराची तार येताच, किंवा आजच्या भाषेत दूरध्वनी येताच, मध्यरात्री मिळेल त्या विमानाचे तिकीट काढून निघणारा, साठ वर्षे घराबाहेर न पडता एके दिवशी चारधाम यात्रेचा संकल्प करणारा, हे सारे यंत्राच्या दृष्टीने 'अनियमित' आहेत. यात दुःखाची गोष्ट ही की मनुष्यास ज्या दिवशी पैशाची निकड सर्वांत अधिक असते तो दिवस बहुधा त्याच्या इतर दिवसांसारखा नसतो. म्हणजे ज्या घटकेस विश्वास हवा नेमक्या त्याच घटकेस संशय जागा होतो. बाजारातील जुना सराफ हुंडीवाल्याचा चेहरा पाही, त्याची हकीकत ऐकून घेई, रडणाऱ्याचे रडणे खरे की खोटे हे आपल्या अनुभवाच्या बळावर ताडी. तोही चुके, परंतु हकीकत ऐकून घेण्याची सोय त्याच्यापाशी होती. यंत्रापाशी गुण आहेत, कान नाहीत.

कोणी म्हणेल, प्रवासास निघण्यापूर्वी बँकेस कळवावे म्हणजे झाले. आपल्याकडे घरातून निघताना वडील माणसांस 'येतो' म्हणून सांगण्याची रीत आहेच. त्यात कोणास पारतंत्र्य वाटत नाही. हे म्हणणे बरेचसे मान्य करण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या आदेशात असे ठरविले की नवे कार्ड देताना ते देशातील यंत्रांपुरतेच चालू ठेवावे, आणि परदेशातील वापर खातेदाराने मागितल्यासच खुला करावा. तसेच निरनिराळ्या प्रकारचे वापर चालू-बंद करण्याची व रकमेची मर्यादा घालण्याची सोय खातेदाराच्याच हाती द्यावी. या व्यवस्थेत आम्हांस एक नैतिक गुण दिसतो. येथे दाराची कडी घरधन्याच्या हाती आहे. आपण स्वतः लावलेल्या कुलपाचा कोणास राग येत नाही. दुसऱ्याने न सांगता लावलेल्या कुलपाचा येतो.

परंतु वडिलांस सांगून निघणे आणि यंत्राची मर्जी राखीत जगणे यांत अंतर आहे. बँकेस आपल्याविषयी जे ठाऊक असते ते पुष्कळदा घरच्या माणसांसही ठाऊक नसते. कोणत्या गावी गेलो, कोणती औषधे घेतली, कोणास देणगी दिली, कोठे मुक्काम केला, याची ती दैनंदिनी आपण न लिहिताच लिहिली जाते. रखवालीच्या निमित्ताने मिळालेली ही माहिती रखवालीपुरतीच वापरली जावी, ती माल खपविण्याच्या कामी येऊ नये, हे बँकेचे दुसरे कर्तव्य होय. वाड्याच्या रखवालदारास येणारे-जाणारे दिसतातच. परंतु ते त्याने चव्हाट्यावर सांगावे यासाठी त्यास कोणी ठेवलेले नसते.

तिसरे कर्तव्य परस्परतेचे आहे. खातेदाराने आपण खरे आहोत हे सिद्ध करावयाचे, तर बँकेनेही आपण खरी आहोत हे सिद्ध करावयास नको काय? 'आपल्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला आहे, ताबडतोब आलेला अंक सांगा,' हे वाक्य आज बँकेपेक्षा ठकांच्याच तोंडी अधिक शोभू लागले आहे. रक्षकाची वाणी आणि भक्षकाची वाणी एकच झाली, तेव्हा प्रवाशाने कोणावर विश्वास ठेवावा? ज्या ओटीपीस आपण कुलपाची किल्ली समजतो तीच ठक संशयाच्या नावाने मागून नेतो. या दृष्टीने रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये, बँकांनी खातेदारांशी व्यवहारासंबंधी बोलताना १६०० या अंकांनी सुरू होणारेच क्रमांक वापरावे असे जे सांगितले, ते आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. जुन्या बाजारात सराफ हुंडीवाल्याची ओळख विचारी, तशी हुंडीवाल्यासही सराफाची गादी ठाऊक असे. ओळख ही दोन्ही बाजूंनी पटावी लागते. आणि खातेदारानेही एक पथ्य पाळावे: प्रश्न विचारणारा कोणीही असो, गुप्त अंक मात्र तोंडाने कोणास सांगू नये, बँकेशी बोलावयाचे झाल्यास कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन बोलावे.

चौथे कर्तव्य चुकीच्या भाराविषयीचे. संशय चुकला तर हानी कोणाची? येथे जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाचा उल्लेख केला पाहिजे. खातेदाराच्या परवानगीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात दोष त्याचाच होता हे सिद्ध करण्याचा भार त्या आदेशाने बँकेवर टाकला. आणि दोष दोघांचाही नसून तिसऱ्याच कोणाचा असेल व खातेदाराने कामाच्या तीन दिवसांच्या आत कळविले असेल तर त्याजवर काहीच जबाबदारी ठेवली नाही. न्यायाचे हे तत्त्व फार चांगले आहे. पण ते चोर सुटला त्या प्रसंगापुरते आहे. सज्जन अडविला गेला त्या प्रसंगाचे काय? परदेशात औषधावाचून वा निवाऱ्यावाचून काढलेल्या रात्रीचा जमाखर्च कोणत्या खात्यावर मांडावयाचा? रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणावयाच्या निर्देशांत, व्यवहाराचे स्थळ, खातेदाराची वागण्याची रीत, त्याचे उपकरण यांवरून जोखीम जोखण्यास बँकांस मुभा दिली आहे. म्हणजे यंत्राच्या संशयाचे क्षेत्र यापुढे वाढणार. ते वाढत असताना उत्तर ऐकून घेणारा जिवंत मनुष्य, कोणत्याही देशातून व कोणत्याही घटकेस सहज गाठता येईल असा, त्याच प्रमाणात वाढला पाहिजे. संशय घेण्याचे काम यंत्रावर सोपविता येईल, उत्तर ऐकून घेण्याचे काम येणार नाही.

आता आपल्या बाजूचे दोन शब्द. ज्यास आपल्या अब्रूची जाणीव आहे त्यास कोणी ओळख विचारली की राग येतो, हे स्वाभाविक आहे; आमच्या मध्यमवर्गास तर तो जरा लवकरच येतो. गावात आपणांस सारे ओळखतात या समजुतीवर आपण वाढलो. परंतु ज्यांस कोठेच कोणी ओळखत नाही अशी माणसे आपल्याच शहरात किती आहेत याचा विचार आपण क्वचित करतो. पोटासाठी छत्तीसगडातून वा मेळघाटातून नागपुरास आलेला मजूर खोली भाड्याने मागतो, उसने धान्य मागतो, तेव्हा 'तुला येथे कोण ओळखतो?' हा प्रश्न त्यास दररोज विचारला जातो. विचारणारे आपणच असतो, आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याचा धीर आपणांसही नेहमी असतो असे नाही. परदेशातील दुकानात पाच मिनिटे संशयित म्हणून उभे राहावे लागल्याने एखाद्या सुशिक्षित गृहस्थास या रोजच्या संशयाची थोडीशी कल्पना आली, तर ती पाच मिनिटे अगदीच फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही. ज्या सौजन्याची अपेक्षा आपण बँकेकडून करतो त्याच सौजन्याने आपण आपल्या दारी आलेल्या परक्यास प्रश्न विचारावा.

सारांश, विश्वस्ताने जागे असावे, प्रश्न विचारावा, आणि उत्तराची वाट मोकळी ठेवावी. ज्यास प्रश्न विचारला त्याने तो प्रश्न कृत्याविषयी आहे, आपल्या कुळाविषयी नाही, हे ध्यानात घेऊन शांतपणे उत्तर द्यावे. एवढे झाले तर संशय आणि विश्वास एका घरात नांदू शकतील. मात्र कोणत्याही यंत्राने दिलेल्या गुणांस आपण आपल्या किंवा दुसऱ्याच्या सचोटीचे माप समजू नये. कालच्यासारखा आज वागला एवढे यंत्रास सांगता येते. आज तो चांगला वागला की नाही, हे ठरविण्याचे काम पूर्वी जसे माणसांकडे होते तसेच ते यापुढेही राहिले पाहिजे.